आई-बाबा, हे गाव मी तुमच्या पावलांनी मोजलंय

रबात, माल्टा
रविवार सकाळ

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

गेल्या रविवारी फोनवर बाबा म्हणाले, "आता कसला परदेश, जिना उतरताना कठडा धरावा लागतो. तूच ये." आई मागून काहीच बोलली नाही. ती बोलत नाही तेव्हा तिच्या मनात यायचं असतं, हे मला लहानपणापासून माहीत आहे. फोनवर बाबांशी वाद घालता येत नाही, तुम्ही "बरं, ठेवतो" म्हणता आणि ठेवता. म्हणून हे पत्र. चष्मा लावून सावकाश वाचा, आणि आईला मोठ्याने वाचून दाखवा.

मी राहते ते रबात म्हणजे खरं तर एका जुन्या राजधानीची पेठ. रबात या शब्दाचा अर्थच मुळी तटाबाहेरची वस्ती असा आहे. माझ्या खोलीपासून दहा मिनिटं चाललं की खंदक लागतो, खंदकावर दगडी पूल, आणि पुलापलीकडे इम्दिना. इंग्रजीत लिहिताना सुरुवातीला नुसता म येतो, पण इथले लोक इम्दिना म्हणतात. हजारो वर्षं ही माल्टाची राजधानी होती. आज तटाच्या आत जेमतेम दोन-अडीचशे माणसं राहतात. गाड्या फक्त त्यांच्याच आत जातात, त्यामुळे इथे शांतता आहे. पर्यटकांच्या नकाशावर तिचं नावच 'शांत नगरी' आहे.

मार्चमध्ये बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, तेव्हा मला रजा मिळाली नाही. दादाने सगळं निभावलं. त्या रात्री ड्यूटी संपवून मी घरी न जाता सरळ इम्दिनात गेले. पहाटेचे पाच वाजले असतील. पिवळे दिवे, दोन्ही बाजूंना उंच भिंती, आणि माझ्याच चपलांचा आवाज. दादाचा मेसेज येईपर्यंत मी फिरत राहिले. 'शुद्धीवर आले, चहा मागतायत' हा मेसेज मी कॅथीड्रलच्या पायरीवर बसून वाचला. तेव्हापासून त्या पायरीवर तुम्हाला दोघांना बसवायचं मी ठरवलंय.

बाबा, गडावर नेताना तुम्ही आम्हाला तीनच गोष्टी विचारायचात. पाणी कुठे, दरवाजा कुठल्या अंगाला, आणि येणारा कुठून दिसणार. मी इथेही तेच शोधत गेले.

पाणी आधी सांगते. माल्टा म्हणजे अवघं सत्तावीस किलोमीटर लांबीचं कोरडं बेट. नदी नाही, चार थेंब पावसाचे, तेही हिवाळ्यात. पण रबात आणि दिंगली या उंच भागात दगडाच्या थराखाली पाणी धरून राहतं आणि झऱ्यांतून बाहेर येतं. त्या काळी इथे वस्ती का झाली असेल हे यावरून समजतं. पुढे समुद्रकाठी वालेटा ही नवी राजधानी उभी राहिली, पण तिला पिण्याचं पाणी नव्हतं. तेव्हा १६१० ते १६१५ या काळात विन्याकूर नावाच्या ग्रँड मास्टरने, म्हणजे तेव्हा बेटावर राज्य करणाऱ्या सरदारांच्या प्रमुखाने, इथल्या झऱ्यांचं पाणी दगडी पाटाने वालेटापर्यंत नेलं. सखल जागी त्याच्या कमानी अजून रस्त्याकडेला उभ्या आहेत. बस त्यांच्या बाजूने जाते तेव्हा मला दर वेळी आपल्या साताऱ्याला येणारं कास तलावाचं पाणी आठवतं. राजधानीचा मान गेला तरी तिला पाणी पाजायचं काम या डोंगराकडेच राहिलं.

आता दरवाजा. पुलावर दोन सिंह आहेत, पंज्यात ढाल धरलेले. समोर १७२४ सालचा दरवाजा, मोंदियों नावाच्या फ्रेंच स्थापत्यकाराने विल्येना या पोर्तुगीज ग्रँड मास्टरसाठी बांधलेला. देखणा आहे, पण तुम्ही त्याच्याकडे बघत फार वेळ काढणार नाही. तुम्हाला मी पुलावरून बाजूच्या तटाकडे बघायला सांगणार आहे. तिथे एका बुजवलेल्या दरवाजाची रेषा दिसते. तो मूळ दरवाजा. एकामागे एक तीन दारं आणि मधे चौक, म्हणजे पहिलं दार फोडून आत आलेला शत्रू चौकात कोंडला जावा, वरून त्याच्यावर मारा करता यावा. अशी रचना तुम्ही आम्हाला हाताने हवेत काढून समजावली होती ना, तशीच. नवा दरवाजा बांधताना जुना चिणून टाकला.

खंदक अरबांच्या काळातला मानतात, पुढे तो वाढवत गेले. त्याची गोष्ट सांगितल्याशिवाय या गावाचं नाव कळणार नाही. आधी इथे फिनिशियन लोक होते, मग रोमन आले. रोमन काळात मेलिते नावाचं शहर आजच्या इम्दिनाच्या कितीतरी पट मोठं होतं, रबातही त्यातच. इसवी सन ८७० मध्ये अरबांनी बेट जिंकलं. त्यांनी शहर आटोपशीर केलं, टोकाचा बळकट भाग तेवढा तटाच्या आत ठेवला आणि त्याला मदिना म्हणजे नगर म्हणू लागले. बाहेर राहिलं ते रबात. हे सगळे थर एका जागी बघायचे असतील तर पुलाच्या अलीकडे एक रोमन घर आहे, १८८१ मध्ये सापडलेलं. त्याच्या अंगणात बारीक दगडी तुकड्यांची नक्षी आहे, वाडग्याच्या काठावर बसून पाणी पिणारी दोन कबुतरं. आणि त्याच घराच्या पडक्या अवशेषांवर अकराव्या शतकातली मुसलमान कबरस्तानं सापडली. कोरलेले दगड तिथेच ठेवलेत.

अरब गेले, नॉर्मन आले, मग स्पेनकडच्या आरागॉनचे राजे आले, पण भाषा अरबांचीच राहिली. लिहितात रोमन लिपीत, ख्रिस्ताची प्रार्थना करतात, आणि शब्द मात्र आपल्या ओळखीचे निघतात. मी ज्या वृद्धाश्रमात काम करते तिथल्या एक आज्जी रबातच्याच आहेत. त्यांना मालिश करताना मी शब्द विचारत असते. वर्षाला त्या 'सेना' म्हणतात, आपण 'सन' लिहितो तोच. जगाला 'दिन्या', आपली दुनिया. न्यायाला 'हक्क', फक्त बोलताना शेवटचा क घशातच गिळतात. पण मला सगळ्यात आवडला तो 'सीहेब'. आपला साहेब! इथे त्याचा अर्थ सोबती, जोडीदार. बाबा, तुम्ही चाळीस वर्षं कचेरीत साहेबांना साहेब म्हणालात. इथे आईने तुम्हाला साहेब म्हटलं तर ते किती नेमकं होईल.

इम्दिनाचा एक प्रसंग मला कुणालाही सांगावासा वाटतो. १४२० च्या दशकात आरागॉनच्या राजाने पैशांसाठी हे बेट चक्क एका सरदाराकडे गहाण टाकलं. मोनरॉय त्याचं नाव. त्याने लोकांना इतकं छळलं की लोक उठले, आणि म्हणाले, आमचे आम्हीच आम्हाला सोडवून घेतो. तीस हजार सोन्याचे फ्लोरिन ठरले. शेती आणि कापसावर जगणाऱ्या बेटाने ही रक्कम उभी करायची म्हणजे काय झालं असेल! १४२८ मध्ये आल्फोन्सो राजाने सनद दिली आणि पुन्हा बेट कुणाला देणार नाही असं कबूल केलं. तेव्हापासून या शहराला 'नोताबिले' ही पदवी मिळाली, मान्यवर नगरी. मला मात्र पदवीपेक्षा ती वर्गणी मोठी वाटते. आणि बघा, सनद हातात पडून फार काळ लोटला नाही तोच १४२९ मध्ये ट्युनिसहून मोठं सैन्य चालून आलं. गाव पडलं नाही, पण बेटावरची हजारो माणसं गुलाम म्हणून पळवून नेली.

१५३० मध्ये संत जॉनच्या पंथाचे सरदार, ज्यांना इथे नाइट म्हणतात, बेटावर आले. ते दर्यावर्दी. त्यांना बंदर हवं होतं, म्हणून त्यांनी मुक्काम बंदरावरच्या बिरगूत केला. इम्दिनाच्या चाव्या त्यांनी मानाने स्वीकारल्या, इथल्या नगरसभेचे हक्क राखायची शपथ घेतली, आणि कारभार तिकडे नेला. सातारकर माणसाला हे वेगळं सांगायला नको. गादी साताऱ्याला आणि कारभार पुण्याला, हे आपण शाळेपासून ऐकत आलोय.

पण १५६५ चा वेढा आला तेव्हा हीच मागे पडलेली राजधानी उपयोगी पडली. त्याच वर्षी जानेवारीत आपल्याकडे तालिकोटची लढाई झाली, विजयनगर पडलं. मे महिन्यात तुर्की आरमार माल्टाला भिडलं. सात ऑगस्टला तुर्कांनी बंदरावरच्या तटांवर सगळा जोर लावला होता, खिंडार पडलं होतं, आणखी घटकाभराने सगळं संपलं असतं. तेवढ्यात इम्दिनातून निघालेल्या घोडेस्वारांनी तुर्कांच्या मागच्या छावणीवर छापा घातला. छावणीत जखमी आणि थोडे पहारेकरी. आरोळ्या ऐकून तुर्कांना वाटलं सिसिलीहून मदत उतरली, आणि त्यांनी हल्ला सोडून माघार घेतली. हे वाचलं तेव्हा मी एकटीच खोलीत उभी राहिले होते. गनिमी कावा म्हणजे काय हे तुम्ही आम्हाला चिंचेच्या बोटुकांनी मांडून दाखवलं होतं, ते डोळ्यांसमोर आलं. वेढ्याच्या शेवटी शेवटी तुर्क इम्दिनावर आले, तेव्हा म्हणे किल्लेदाराने बायकांना आणि शेतकऱ्यांना शिपायांचे कपडे घालून तटावर उभं केलं आणि तोफा डागल्या. एवढी फौज बघून शत्रू परत फिरला. ही गोष्ट इथल्या आज्जींनीही मला सांगितली, जणू काल घडली.

जिंकल्यावर नाइटांनी १५६६ मध्ये वालेटाचा पाया घातला, १५७१ मध्ये राजधानी तिकडे गेली. मान्यवर नगरीला लोक 'जुनं शहर' म्हणू लागले.

यानंतर मधलं सोडते आणि एकदम १६९३ वर येते. त्या जानेवारीत सिसिलीत मोठा भूकंप झाला आणि त्याच्या धक्क्याने इथलं जुनं कॅथीड्रल खचलं. लोरेन्झो गाफा या माल्टीज स्थापत्यकाराने त्या जागी नवं बांधलं. त्याने काही वर्षं आधी जुन्या चर्चला मागे जोडलेला भाग भूकंपात उभाच राहिला होता, आणि त्यातलं मात्तिया प्रेतीचं चित्रही वाचलं. चित्रात घोड्यावरून कोसळलेला पॉल आहे, दिव्य प्रकाशाने डोळे दिपलेला. हाच तो संत पॉल, ज्याचं जहाज इसवी सन ६० च्या सुमारास या बेटावर फुटलं. थंडीत कुडकुडणाऱ्या त्या लोकांसाठी बेटावरच्यांनी शेकोटी पेटवली. पॉल काटक्या टाकायला गेला तर त्यातून साप निघून हाताला डसला, पण त्याला काही झालं नाही. बायबलात लिहिलंय की इथल्या लोकांनी परक्यांना फार आपुलकीने वागवलं. आज्जी तर म्हणतात, तेव्हापासून माल्टाच्या सापांना विषच नाही. आई, ही गोष्ट तुला आवडणार म्हणून मुद्दाम लिहिली.

कॅथीड्रलच्या दोन मनोऱ्यांवर दोन घड्याळं आहेत. एक वेळ दाखवतं. दुसऱ्यावर वेळ नाहीच, तारीख आणि महिना आहे. सैतानाला खरी वेळ कळू नये म्हणून ही युक्ती, असं लोक सांगतात. आत गेल्यावर खाली बघून चाला. सगळी जमीन रंगीत संगमरवरी कबरींची आहे, कवट्या, पंख, ढाली, लॅटिन अक्षरं. पहिल्या दिवशी मला त्यांवर पाय ठेववेना, मी कडेकडेने गेले. आता सवय झाली आहे, तरी चपला हलकेच टाकते.

आई, आता तुझ्यासाठी दोन गोष्टी. एक म्हणजे इथला दगड. आपल्या काळ्या पाषाणाच्या अगदी उलट, मधाच्या रंगाचा, करवतीने कापता येतो इतका मऊ. एका कोपऱ्यावर तो कमरेएवढ्या उंचीवर आत झिजलाय, जणू कुणी अंगठ्याने लोण्यात खळगा केला. हात फिरवला की बोटाला पिठूळ पूड लागते, आणि नीट बघितलं तर दगडात शिंपल्याची बारीकशी कड दिसते. हा सगळा डोंगर कधी काळी समुद्राखाली होता. संध्याकाळी ऊन तिरपं झालं की भिंती आतून पेटल्यासारख्या दिसतात.

दुसरी गोष्ट तटातून उगवते. फटीफटीत एक काटेरी वेल आहे, गोल पानांची. उन्हाळ्यात पांढरी फुलं येतात, मधून जांभळट लांब तुरे. ती मी ओळखली, कारण फूल हुबेहूब आपल्या वाघाटीचं. तिच्याच जातीची आहे. इथे तिच्या न उमललेल्या कळ्या मिठात मुरवून पावावर टोमॅटो आणि ऑलिव्हच्या तेलाबरोबर खातात, त्यांना केपर म्हणतात. आषाढी एकादशीचा उपास सोडताना तू वाघाट्याची भाजी करायचीस आणि आम्ही कडू म्हणून तोंड वाकडं करायचो. इथे मी केपरची बाटली आणून वरणभाताबरोबर खाते. कडूपणा तोच, खारटपणा निराळा. आणि पास्तित्सी म्हणून पापुद्र्याची करंजी मिळते, वाटाण्याचं सारण असलेली. पारीत काही जण चरबी घालतात, ते मी आधी विचारून घेईन, काळजी नको. निवडुंगाची लाल बोंडं तर बांधाबांधावर आहेत.

आता येणारा कुठून दिसतो ते. गावाच्या दुसऱ्या टोकाला बुरुजावरचा चौक आहे. तिथून अर्धं बेट दिसतं. खाली शेतं, पलीकडे मोस्ता गावच्या चर्चचा प्रचंड घुमट, आणि लांब वालेटा आणि समुद्राची रेघ. खाली ता'आली इथे दुसऱ्या महायुद्धात विमानतळ होता, म्हणून या भागावर बॉम्बचा पाऊस पडला. ९ एप्रिल १९४२ ला एक बॉम्ब मोस्ताच्या त्या घुमटातून आत पडला. आत प्रार्थनेसाठी माणसं जमली होती. बॉम्ब जमिनीवर गडगडत गेला आणि फुटला नाही. कुणालाही इजा झाली नाही. बुरुजावर उभं राहून मी तुम्हाला तो घुमट बोटाने दाखवणार आहे.

आता बाबांच्या शंकांची उत्तरं. दरवाजापासून बुरुजापर्यंतचा मुख्य रस्ता, विलगेन्यों त्याचं नाव, मी मोजला. माझी साधारण पाचशे पावलं. तुमची सातशे धरू. चढ नाही म्हणण्याइतका आहे. गल्ल्या वाकड्या आहेत, त्यामुळे ऊन आणि वारा दोन्ही अंगावर येत नाहीत. गाईड सांगतात की बाण सरळ जाऊ नये म्हणून तशा बांधल्या. मागच्या महिन्यात वृद्धाश्रमातल्या आज्जींना वॉकर घेऊन मी इथे आणलं होतं. त्या अठ्ठ्याऐंशीच्या आहेत. मधे कार्मेलाइट चर्चमध्ये बसलो, नंतर कॅथीड्रलमध्ये, आणि बुरुजावर पोचून त्यांनी आइसक्रीम खाल्लं. त्या चर्चपाशी त्यांनी मला १७९८ चा उठाव सांगितला. नेपोलियनची माणसं त्या चर्चमधलं सामान लिलावात काढायला आली, लोक खवळले, त्यांचा अधिकारी मारला गेला, आणि तिथून पेटलेला उठाव दोन वर्षं चालून फ्रेंचांना बेट सोडावं लागलं. सांगताना त्यांनी वॉकरवरचा एक हात उचलून मूठ वळली होती.

रबातमधल्या भूमिगत कबरी मात्र आपण सोडू. खूप सुंदर आहेत, मेलेल्यांच्या आठवणीत जेवायला दगडात कोरलेली गोल ताटासारखी मेजं आहेत, पण पायऱ्या अरुंद आणि घसरड्या. मी फोटो काढून ठेवलेत. खंदकात आता बाग आहे, तिथे उतार आणि बाकं आहेत. दुपारी आई तिथे जप करत बसेल आणि बाबा तट बघतील.

विमान मध्ये एकदा बदलावं लागेल. दोन्हीकडे चाकाची खुर्ची मागवता येते, मी तिकिटातच लिहून देईन. एप्रिलमध्ये या. तेव्हा पाऊस संपलेला असतो, ऊन कडक नसतं, आणि बांधांवर पिवळी रानफुलं असतात. बाबांच्या डॉक्टरांना एकदा विचारून घ्या, त्यांचं म्हणणं मला दादाकडून कळू दे.

पासपोर्ट लोखंडी कपाटात वरच्या खणात, लाल पिशवीत आहेत. मुदत कधीपर्यंत आहे ते बघून या आठवड्यात कळवा. व्हिसाच्या कागदांना मी सुरुवात केली आहे.

तुमची,
मनू